ठसका

गाणं आमच्याच घरात झालं, निपाणीत,
भाड्याच्या दोन खोल्या, खाली सायकलचं दुकान.
भिंतीला गाद्या टेकवल्या, झाला स्टुडिओ.
अस्लम मुल्लाणीनं चाल काढली आणि वैतागला:
ठेका मिळंना रे, सगळे ठेके उष्टे झालेत.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत आई खोकली.

मी मोबाईल नेऊन उंबऱ्यावर ठेवला.
वीस वर्षं वखारीत तंबाखू चाळलेली बाई,
तोंडाला पदर बांधूनही
संध्याकाळी शिंकरलं की रुमाल विटकरी.
तिला खोक म्हणून सांगावं लागत नाही.
खॉक्. खॉक्.
आणि मग, जरा थांबून, तिसरा.

तिसरा तालात बसेना.
लांब होता, ओला होता,
वर चढून अर्ध्यातच राहायचा
कुणाला हाक मारता मारता नाव विसरावं तसा.
अस्लमनं माझ्याकडं बघितलं.
मी कापला.

शब्द माझे. हजेरीचं पान,
वजनकाट्याखाली मालकाचा अंगठा,
हजारातल्या साठ विड्या "खराब" म्हणून बाजूला,
आणि त्या खराब विड्या पुढं जातात कुठं, हा सवाल.
दुसरं कडवं कन्नडात, कल्लाप्पा हुद्दारनं घातलं:
डॉक्टरची चिठ्ठी, मिरजेची गाडी,
येताना रिकामी आलेली एक सीट.
लिहिताना त्याचे डोळे भरले होते.
पण रडक्या गाण्याला वरातीची सुपारी मिळत नाही,
म्हणून वेग वाढवला,
मधे एक पिपाणी घातली,
आणि नाव ठेवलं ठसका. ठसकेबाज वाटावं म्हणून.

चाललं.
सदलगा, बेडकिहाळ, एकसंबा, यात्रा, हळदी.
पाटीवर कुठली अक्षरं वर पाहिजेत म्हणून
सकाळी एकमेकांची कॉलर धरणारी पोरं
रात्री एकाच ट्रॅक्टरमागं.
मराठी कडव्याला कन्नड पोरं शिट्ट्या मारतात,
कन्नड कडव्याला मराठी,
आणि दोन्ही समजतात ती तर सगळ्यात पुढं नाचतात.
खॉक् खॉक् आलं की दोनशे माणसं
छातीवर मूठ आपटून एकदम खोकतात.
स्टेपच बसलीय.

मालकाच्या पुतण्याच्या लग्नात तीनदा वाजलं.
अंगठ्याच्या ओळीला मालकांनी स्वतः
अंगठा वर करून दाखवला,
पाचशेची नोट अस्लमच्या कीबोर्डवर ठेवली.
आम्ही घेतली. का नाही घेणार.

आईला सांगितलं तेव्हा ती हसली.
म्हणाली, एका खोकल्याला किती मिळत्यात रे?
वखारीत फुकटच खोकलो की आम्ही सगळ्याजणी.

मग अक्कोळला मावशीच्या पोरीची हळद.
बायकांनी आईला ओढून मधे नेलं,
हिचाच खोकला हाय गं, हिचाच!
गालाला हळद, कमरेला खोचलेला पदर,
आई नाचली. चांगली नाचली,
मला माहीत नव्हतं तिला येतं.
खॉक् खॉक्, सगळ्यांबरोबर तिनंही मूठ आपटली.
गाणं पुढं सरकलं, पिपाणी सुरू झाली
आणि तिथं तिला तिसरा आला.

वाकली. गुडघ्यावर हात.
लोकांना वाटलं, नवीन स्टेप.
इन्नोंद सल, अक्का! इन्नोंद सल!
मागची पोरं वाकून गुडघ्यावर हात ठेवायला लागली.
माझं बोट मिक्सरच्या बटणावर होतं.
होतं, एवढंच सांगतो.

रात्री टेम्पोत स्पीकरच्या खोक्याला टेकून ती म्हणाली,
गाण्यात चूक हाय तुझ्या. तीन असत्यात.
मी म्हणालो, तिसरा तालात बसत नाही, आई.
ती बाहेर बघत राहिली.
मग म्हणाली, मला तरी कुठं बसतोय.

उद्या बोरगावात वरात आहे.
सुपारी घेऊन झालीय.