दोन याद्या

एकोणीस वर्षांची होते,
लँकेशरच्या शिक्षण कचेरीत कारकून.
अकरा वर्षांच्या पोरांची बुद्धी
तपकिरी लखोट्यांतून यायची टेबलावर,
बेरीज करून.

त्या वर्षी यादीत वरती
मुलीच मुली.
ऑर्मरॉडसाहेबांनी चष्मा पुसला,
पुन्हा लावला. मुलीच.
म्हणाले, पोरी लवकर पिकतात,
पुढं मुलगे गाठतातच की.
शिवाय मुलींच्या शाळेत बाकं कमी.
मग एका यादीच्या दोन झाल्या:
मुलग्यांची रेघ एकशे बारावर,
मुलींची एकशे एकोणीसवर.
ओढली मीच. लाल शाई, पट्टी धरून,
अगदी सरळ.

एकशे अठरावर हेस्टर क्लेग होती,
सूतगिरणीतल्या बाईची.
कप, बशी, चमचा, हातोडा: यातलं वेगळं काय?
तिनं लिहिलेलं, बशी.
आमच्याकडे नाही.
तेवढा एक गुण गेला होता तिचा.

शाळेची टोपी घालून गेला तो
एकशे तेरावाला. त्याचा तरी काय दोष.
हेस्टर पुढं त्याच गिरणीत दिसायची,
केसांत कापूस,
मला ओळखत नसे. बरंच होतं.

परवा दवाखान्यात
माझी स्मृती तपासायला बसलेला कोवळा डॉक्टर म्हणाला,
शंभरातून सात वजा करत जा, आजी.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
आणि मी थांबले.
सात.
दोन लाल रेघांमध्ये तेवढंच अंतर होतं.
त्यानं थोडा वेळ वाट पाहिली,
मग कागदावर लिहून घेतलं:
वजाबाकी जमत नाही.