सातवा दिवस

आत जायचं तर अंगावरचं सगळं दाराशी उतरवायचं.
घड्याळ, कुड्या, केसांतली पिन.
चष्मा तेवढा येतो बरोबर,
बाहेर पडताना त्यालाही औषधात बुडी.
मग तीन मिनिटं पाण्याखाली,
नखं घासायची, नाक शिंकरायचं, घसा खाकरायचा;
विषाणू माणसाला काही करत नाही,
पण माणूस त्याला घरी नेऊ शकतो.

पिरब्राइटच्या बाहेर, पाइनच्या रानापलीकडे
सैनिकांचा नेमबाजीचा सराव चालतो.
आवाज इथे पोचतो, डुकरं कान हलवतात
आणि पुन्हा साखळी चघळू लागतात.

बाराजण आहेत. आठांना लस,
चौघांना नुसतं खारं पाणी.
कानात पिवळे बिल्ले, त्यावर आकडे.
मॉरीन प्रॉथेरो त्यांना केळी भरवते, कानामागे खाजवते,
पण नाव देत नाही एकालाही.
मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत
नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं.
ती म्हणाली, बरोबरच आहे की.

आम्ही त्या विषाणूची दोन पानं फाडली
आणि चोपडी पुन्हा शिवली.
त्याला वाचता यावं, पण गोष्ट शेवटास नेता येऊ नये.
एवढ्याला सहा वर्षं गेली.

सोलापुरात, मी नववीत असताना,
आठ दिवसांत आमची तेवीस गेली.
कान आधी जांभळे, मग पोट,
मग मागचे पाय ओढत भिंतीशी.
अण्णा तलाठ्याकडे गेले.
तो हसला. डुकराचा कसला पंचनामा?
नगरपालिकेचा ट्रॅक्टर आला, तेही दुसऱ्या दिवशी.
वर्गात कुणीतरी नाक दाबलं.
त्या दिवशी मी अंघोळ करूनच आले होते.

आज सातवा दिवस.
थर्मामीटर, पुसणं, पुन्हा थर्मामीटर.
एकोणचाळीस. अडतीस पूर्णांक नऊ. एकोणचाळीस पूर्णांक एक.
बिनलशीचे चौघे एकेचाळीसच्या वर.
त्यातल्या एकानं केळ्याकडे पाहिलं
आणि मान फिरवली.
दुपारी ठरल्याप्रमाणे इंजेक्शन.
त्रास वाढण्याआधी, असं कागदावर लिहिलंय.
मॉरीन त्याच्या मानेशी बसून राहिली,
हातमोज्यांचे दोन थर, तरी.

आणि तीनशे अठरा. लस दिलेला.
चाळीस पूर्णांक सहा.
मी तीनदा मोजलं.

बाहेर कालव्याकाठी अंगाला साबणाचाच वास.
आता काही दिवस दुसऱ्या कुठल्या डुकराजवळ जायची मनाई.
फोन वाजतो. अण्णा हवापाणी विचारत नाहीत,
‘तुझी जनावरं खातात का?’
‘सातजण खातात,’ मी म्हणते.
चौघांचं ते विचारत नाहीत, मीही सांगत नाही.
पलीकडे रेडिओ. कुणीतरी भांडं ठेवतं.
‘आणि आठवं?’