महिरपी कंस

हल नावाच्या शहरात, हल नावाच्याच नदीवर
पुराची दारं आहेत सात.
त्यांच्यासाठी मी एक ॲबस्ट्रॅक्ट क्लास लिहिला: दार.
आत सक्तीची एकच मेथड, बंद हो.
कसं व्हायचं ते लिहिलं नाही.
मला ठाऊकही नव्हतं.

लोखंडी दार वरून उतरतं,
गोदीकडचं रबरी फुगत जातं,
एक नुसतंच कुशीवर वळतं.
ज्याचं त्यानं सांगावं.
मी एवढंच बजावलं की
सांगितल्याशिवाय जन्म नाही.

कंपायलर म्हणजे आमच्या कुरुंदवाडचा तलाठी.
एक रकाना कोरा दिसला
की कागद परत.
रकान्यात काय भरलंय
ते मात्र वाचत नाही.

ट्रेवर ब्लेंकिन्सॉप, निवृत्तीला चार महिने,
शुक्रवारी पाचला वैतागला.
सातव्या दारापाशी त्यानं लिहिलं बंद हो,
पुढे दोन महिरपी कंस,
मधे काहीच नाही.
लाल रेघ गेली. ट्रेवर बस पकडून घरी गेला.

महिरप सजली. आत देव नाही.

मंगळवारी चाचणीत सहा दारं मिटली.
सातव्यानं स्क्रीनवर म्हटलं, झालं,
आणि उघडंच राहिलं,
भरतीकडे तोंड करून.

मी त्याला फार बोलले नाही.
दर रविवारी आईचा फोन येतो:
जेवलीस का? झोप लागते का?
दोन्हीला मी हो म्हणते
आणि तिची लाल रेघ जाते.

दुपारी ट्रेवर स्वतःच आला, चहाचे दोन मग घेऊन.
म्हणाला, सातव्याची साखळी अडते गं,
डाव्या अंगाला हातोडा घालावा लागतो,
फार जोरात नाही.
आता हे कसं लिहू?

आम्ही जाऊन पाहिलं. चिखल, शेवाळं,
साखळीच्या एका कडीवर चकाकणारा घासलेला डाग,
नेमका हातोड्याएवढा.

परत येऊन त्या कंसांत मी एक ओळ घातली:
माणूस बोलाव.
आणि खाली ट्रेवरचा नंबर.

चार महिन्यांनंतर कुणाचा,
ते अजून कोणी लिहिलेलं नाही.