दाखला

पेन्शनच्या अर्जात रकाना आहे :
तुरुंगवासाचा दाखला जोडावा.
बाबा तर सापडलेच नाहीत कधी.

माझगावच्या गोदीत ते कासम फिटर,
दादरला शिकवणीचे जोगमास्तर,
आणि डोंगरीत हमीदाबाईंच्या माळ्यावर
तीन आठवडे
नुसता दाबलेला खोकला.

त्यांनी पाठवलेले जे पकडले गेले
आणि पत्ता बोलले नाहीत,
त्यांच्याकडे दाखले आहेत.
भिकू हाटे येरवड्यातून आलाच नाही,
त्याचाही आहे; बायकोच्या ट्रंकेत.

जुन्या कस्टम हाउसात कारकुनानं पुकारलं,
"रघुवीर अनंत खोपकर!"
दोनदा. मग चष्मा काढून पुन्हा.
बाबा शेजारीच,
पाठ भिंतीला, डोळे दाराकडे, ढिम्म.

मी कोपरानं ढोसलं
तर ओठ न हलवता म्हणाले,
"कोण विचारतंय?"