लिटराचा हिशेब

आई विचारते, तुझं काम नेमकं काय?
डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस,
आणि पगार तर हॉस्पिटलचाच खातेस.
मी म्हणते, फोन करते.
ती म्हणते, फोन काय, तुझा मामाही करतो दिवसभर.

शाबलो गांवकर, वय एकाहत्तर,
वालकिणीची वसाहत, घराचा आकडा पुसलेला.
मूत्रपिंड बांबोळीला,
मुतखडा मडगावला
(खडा त्याच मूत्रपिंडातला, पण गाव वेगळं),
साखर सांग्याच्या आरोग्य केंद्रात, बुधवारी,
डोळे फोंड्याला, कारण तिथं भाचीचं सासर.
एवढा किडकिडीत माणूस
चार टेबलांवर तुकड्यातुकड्यानं मांडलेला
आणि कुठलाच तुकडा दुसऱ्याला ओळखत नाही.

पहिल्यांदा आला तो साड्यांच्या दुकानाची पिशवी घेऊन.
आत तेरा वर्षांचे कागद,
वर पेढ्याच्या डब्यात गोळ्या.
मी टेबलावर ओतल्या, तांदूळ निवडावा तशा निवडल्या.
दोन पांढऱ्या. पाकिटं वेगळी, किंमत वेगळी,
बारीक अक्षरात औषध एकच.
एकाच पाहुण्याला तो दोन दारांनी
रोज दोनदा घरात घेत होता.

पाय सुजून चपलेबाहेर.
मी विचारलं, पाणी किती पिता?
तो ओशाळला.
बांबोळीचा दोतोर म्हणतो एक लिटर, वर थेंब नको.
मडगावचा म्हणतो तीन लिटर, खडा वाहून जाऊ दे.
दोघेही शिकलेले. कोणाचं मन मोडायचं?
म्हणून सोम, बुध, शुक्र तीन.
मंगळ, गुरू, शनि एक.
आणि आयतवारी?
आयतवारी, म्हणाला, तहान लागेल तसं.

हसू नये अशा जागी मला हसू आलं.
मग फोन. मडगावचं संगीत सतरा मिनिटं कानात,
बांबोळीचे साहेब राऊंडला, परत राऊंडला, जेवायला.
चिठ्ठीचा फोटो इकडून तिकडे, तिकडून इकडे.
तीन दिवसांनी दोन माणसं
एका माणसाबद्दल पहिल्यांदा बोलली,
चार मिनिटं.
एक लिटर ठरलं.
मडगावच्या डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली,
वर म्हणाले, मला कोणी सांगितलंच नव्हतं.
खरंच. सांगणं हे कोणाचं काम नव्हतं.

आता त्याचे दोन दिवस मी एका गुरुवारात बसवलेत.
पावणेसातची कदंब चुकली नाही
तर दुपारी रक्त, नंतर डोळे,
आणि मुलाचा एक खाडा वाचतो.
कधी जमतं. कधी मशीन बंद असतं,
आणि संध्याकाळी स्टँडवर बसून तो मला सांगतो,
असूं दे, तुझा कसला दोष.
ते जास्त लागतं.

मे महिन्यात त्यानं स्वतःहून फोन केला.
धरणाचं पाणी ओसरलेलं, आवाज तुटत होता.
आमच्याकडे विहिरीला बांय म्हणतात.
बाय, म्हणाला, बांय,
आणि मला कळेना
तो मला हाक मारतोय की तिला.
घराचा चौथरा वर आलाय.
तुळस नाही, पण तिची जागा आहे.
बांय आहे. आईनं ओढलेल्या दोरीचे वळ
काठाच्या दगडावर अजून आहेत.
गाळ उपसला पोरांनी.
घोटभर पिऊ?

मी वही उघडली. चारही रकाने पाहिले.
मूत्रपिंडवाल्याला विचारावं तर हे त्याचं नाही,
खडेवाल्याचं नाही, साखरेचं, डोळ्यांचं नाही.
उकळून, मी म्हटलं.
घोटभर म्हणजे किती?
तो गप्प. मग म्हणाला, पेला भरून नाही. ओंजळ.

ओंजळ म्हणजे शंभर मिली धरले.
लिहिलं: आज चहा एकच.
लिटरातून शंभर वजा.
कारणाचा रकाना
तसाच ठेवला.