सातशे अठ्ठेचाळीस वेढे

अलकापुरीहून आलेल्या बाईंनी वाटलेला कागद
माझ्या टेबलावर, वार्निशच्या वासात पडलाय.
तुम्ही कसे शिकता? खूण करा.
पाहून. ऐकून. वाचून. हातांनी करून.
चार चौकटी, आणि तळाशी पाचवी: इतर.

मकरपुऱ्याच्या या शेडमध्ये मला एकोणीस वर्षं झाली.
पहिल्या दिवशी जशुभाईंनी
तांब्याची तार माझ्या दोन बोटांतून ओवली, म्हणाले,
बेन, ही ओढते तेवढंच तू ओढ.
झाला धडा. ते चहाला गेले.
आता तार सैल पडली की मला दातांत कळतं.
दातांची चौकट नाही इथे.

कंचन राठवा काउंटरकडे बघतच नाही.
थर भरत आला की तिची मान आपोआप वळते.
कसं कळतं विचारलं, तर म्हणाली, आवाज जाडा होतो.
मी कान लावून ऐकलं. मला तर तोच आवाज.
आणि सोलंकी, त्याला सगळं वहीत लिहायचं असतं,
चहा किती वाजता येतो तेसुद्धा.
एकदा लिहिलं की ती वही तो पुन्हा उघडत नाही.

कागद भरायला पाच मिनिटं पुरतील, बाई म्हणाल्या.

गेल्या चैत्रात रावपुऱ्यातला एक मुलगा आला होता,
उन्मेष घोरपडे. आयटीआय झालेला, नखं स्वच्छ.
मी सांगितलं, एका कॉइलला सातशे अठ्ठेचाळीस वेढे.
म्हणाला, साडेसातशे का नाही?
मी म्हटलं, ड्रॉइंगमध्ये लिहिलंय म्हणून.
ड्रॉइंगमध्ये का लिहिलंय?
मशीन चालू, आणि याचे हात मांडीवर.
दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कागद थराला का लावायचा.
शनिवारी मी रजिस्टरात लिहिलं:
समज कमी. उलट बोलतो.
सोमवारी तो नव्हता.
डबा मात्र राहिला होता कपाटावर, स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला.
तो कुणी न्यायला आलं नाही.

पावसाळा सरल्यावर एकदा
डिझाइनचे त्रिवेदी मापं घ्यायला खाली उतरले.
माझ्या तोंडून निघून गेलं: साडेसातशे का नाही हो?
त्यांनी क्राफ्ट पेपरच्या पट्टीवर पेन्सिलीने मांडलं.
अकरा हजार येतात, घराकडे अडीचशे जायचे,
म्हणजे चव्वेचाळीस पट.
त्या बाजूला वेढे अडुसष्ट. अडुसष्ट गुणिले चव्वेचाळीस.
ते चार कॉइलींत वाटले की झाले तुमचे सातशे अठ्ठेचाळीस.
सहा मिनिटं लागली असतील.
एकोणीस वर्षं माझे हात हा गुणाकार करत होते
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही कुणाला विचारलं नव्हतं.
विचारणारा आला, त्याला मी उलट बोलणारा म्हटलं.

ती पट्टी मी ड्रॉवरमध्ये ठेवलीय, डब्याशेजारी.

पाचव्या चौकटीत जागा दोन बोटांची.
बारीक अक्षरात लिहिलं:
इथे एक मुलगा होता. कारण कळल्याशिवाय
त्याचे हात उठत नव्हते. मला वाटलं, आळशी आहे.
ओळ चौकटीबाहेर गेली, समासात चढली.

बाई कागद गोळा करत आल्या. वाचला, थांबल्या.
बेन, हे तुमच्याविषयी भरायचं होतं.
मी म्हटलं, हो,
आणि काउंटर शून्यावर आणला.