तीन मिलिमीटर जास्त

बोरा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे जिना चढताना शाईचा वास आधी भेटतो,
मार्टिन डाबरे मला म्हणाले, कॉम्प्युटर नंतर.
आधी 'गौरव समारंभ' लिहून दाखव, पोरी.
मी लिहिलं. र आणि व जरा जवळ आले.
वाच, म्हणाले. मी वाचलं: गौख.
"असा एक बॅनर मी गिरगावात लावून आलोय.
दोन अक्षरांमधली फट सांभाळायची, तिला कर्निंग म्हणतात.
त्या दिवशी शिकलो. पैसे मिळाले नाहीत."

टाइपफेस म्हणजे आडनाव, ते सांगत,
फॉन्ट म्हणजे त्या घरातला एकेक माणूस:
बोल्ड थोरला, लाइट नुकताच तापातून उठलेला,
इटालिक कायम बस पकडायला निघालेला.
सेरिफ? इंग्रजी अक्षराच्या पायातली चप्पल.
आपली अक्षरं पायांवर उभी नसतात गं,
शिरोरेषेला लटकतात, वलांडीवरच्या बोंबलांसारखी.
म्हणून ओळींमध्ये लीडिंग सढळ ठेव,
नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो
आणि वाचणाऱ्याला दोघांचं भांडण सोडवावं लागतं.

सायन म्हणाले, तेव्हा मला शीव आठवलं,
तिथलं हॉस्पिटल, सर्कल.
ते हसले नाहीत. निळ्या शाईचा डबा उघडून दाखवला.

मग एका गुरुवारी वेसाव्याहून वैतीकाका आले.
बायकोच्या वर्षश्राद्धाची शंभर कार्डं.
गुलाब हवेत, समई हवी, चार तऱ्हेची अक्षरं,
कडेनं सोनेरी वेल.
"पुऱ्या कागदाचे पैसे देतोय. रिकामं कशाला ठेवता?"
डाबरेंनी वाद घातला नाही.
स्क्रीनवरून मला एकेक गोष्ट उतरवायला लावली,
आधी गुलाब, मग समई, वेल सगळ्यात शेवटी.
उरलं 'जानकी'. मधोमधही नाही, थोडं डावीकडे.
भोवती मोकळं.
पांढरी जागा म्हणतात तिला,
पांढरीच असली पाहिजे असं नाही;
आम्ही फिकं सायन भरलं, ओहोटीच्या पाण्याइतकं.

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"बोलायची कमीच," म्हणाले,
"पाटी उतरवून बसली की मग तर नाहीच."
आणि खालच्या ओळीतल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवून,
"हे जरा वर नाही का घेता येत? तिच्याजवळ?"
मी चार पॉइंट कमी केले.
डाबरे म्हणाले, अजून.
'भालचंद्र'चा अनुस्वार 'जानकी'ला टेकेल, मी म्हटलं.
टेकू दे.

कटिंगला पाठवण्याआधी रंग
कडेच्या पलीकडे तीन मिलिमीटर वाढवला.
सुरी ठरलेल्या रेघेवर कधीच पडत नाही, ते म्हणाले,
म्हणून रंग थोडा जास्तच द्यायचा. ह्याला ब्लीड म्हणतात.

संध्याकाळी मशीनखालची कात्रणं मी झाडून काढली.
दोरीएवढ्या बारीक निळ्या पट्ट्या.
एक वहीत चिकटवली, खाली नाव लिहिलं,
ब्लीडची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ,
ते डाबरेंना विचारून.